कानाचं मशीन

खैतान, कुवेत, रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

हुस्ना आपा,

सलाम. फोन तू उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून तुझ्या शाळेच्या ईमेलवर लिहिते आहे. हा ईमेल घरात तुझ्याशिवाय कुणी उघडत नाही, असं तूच एकदा म्हणाली होतीस.

आपला यासिर कालपासून मखफरमध्ये आहे. मखफर म्हणजे इथलं पोलीस ठाणं. कुठलं ते लिहीत नाही. त्याला मोठी जखम नाही. बाकीचं क्रमाने सांगते.

काल असरच्या नमाजानंतर जहीरचाचांच्या किराणा बकाल्यासमोर गस्तीची गाडी येऊन थांबली. बताका बघत होते. खैतानमध्ये हे हल्ली नेहमीचं आहे. रस्त्याचं एक टोक अडवतात आणि दिसेल त्याचं ओळखपत्र तपासतात. चाचा दुकानात गल्ल्यावर होते. यासिर बाहेर पाण्याच्या बाटल्या रचत होता, सगळी लेबलं एका दिशेला करून. एका शिपायाने त्याच्याकडे बताका मागितला. यासिरने मान वर केली नाही. मग शिपायाने त्याच्या गळ्यातलं कार्ड वाचलं. अब्बांनी करून घेतलेलं तेच कार्ड, अरबीत: मी बहिरा आहे, दुकानात माझ्या चाचांशी बोला. चाचा सांगतात, ते वाचून शिपाई नरमला. हाताने ठीक आहे अशी खूणही केली.

तेवढ्यात गाडीतल्या दुसऱ्या शिपायाने रस्त्यात आडवी लावलेली एक कार हलवायला सायरन वाजवला. अगदी छोटा. यासिर दोन्ही कान दाबून खाली बसला.

बहिरा माणूस कान दाबून खाली बसला.

शिपायाने त्याचं मनगट धरून त्याला उभं केलं आणि ओरडला, "ऊठ. खोटं बोलतोस? नाव सांग." यासिर म्हणाला, "ऊठ. खोटं बोलतोस? नाव सांग." अरबीतच, त्याच पट्टीत, त्याच शिपायाच्या आवाजात. तो असं का करतो हे तुला सांगायला नको. घाबरला की समोरच्याचे शब्द घट्ट धरून ठेवतो. अब्बांना जाऊन दोन वर्षं झाली तरी आमच्या घरात यासिरच्या तोंडून अब्बा अजून मला दार नीट लावायला सांगतात.

बकाल्यासमोरची माणसं हसली. कुणीतरी मोबाईल काढला. शिपाई वयाने लहान होता. लोक हसले नसते तर गोष्ट तिथेच मिटली असती, असं मला वाटतं.

आता त्याच्यावर दोन गोष्टी आहेत. बहिरेपणाचं सोंग, आणि ड्युटीवरच्या पोलिसाची नक्कल. दुसरी जास्त वाईट आहे.

चाचा धावत बाहेर आले आणि म्हणाले, बहिरा आहे साहेब, जन्मापासून. शिपाई म्हणाला, आत्ता बोलला तो. चाचा म्हणाले, बोलला असेल, पण बहिरा आहे. मी चाचांना दोष देत नाही. यासिरचा इकामा, इथे राहायचा परवाना, त्यांच्या बकाल्यावर आहे, कामगार म्हणून. बहिरा कामगार कुणालाही समजतो. जो परक्या माणसाच्या एकाही प्रश्नाला उत्तर देत नाही तो कामगार कसा, असं कुणी विचारलं तर यासिरला देश सोडावा लागेल आणि चाचांच्या दुकानावरही संकट येईल.

मी प्लांटवरून थेट ठाण्यात गेले. त्याला भेटू दिलं नाही. सांगणं आवश्यक होतं ते सांगितलं. उद्या एक वस्तू नेऊन द्यायची आहे. ती दिली की बहुधा सोडतील.

ईदला मी तुझ्या खैरूबद्दल एवढंच म्हटलं होतं की साडेतीन वर्षांची मुलगी हाकेला वळत नाही याचं कारण कानच असेल असं नाही, यासिरही असाच होता. तू फोन ठेवलास तो ठेवलासच. तो विषय मी इथे काढत नाही.

मी घाबरलेली नाही. गॅसचे डिटेक्टर सांभाळणं हे माझं काम आहे. अलार्म वाजला की आधी वारा कुठून येतोय ते बघायचं, मग आडव्या दिशेने चालायचं, पळायचं नाही. तेच करते आहे.

दुआ कर.

माहीन

&nbsp;

खैतान, मंगळवार, ११ नोव्हेंबर

आपा,

तू पत्र उघडलंस, हे मला इथे दिसतं. उत्तर नाही, तेही दिसतं.

ती वस्तू म्हणजे कानाचं मशीन.

शनिवारी ठाण्यातल्या टेबलावरच्या माणसाने मला विचारलं, तुझा चाचा म्हणतो बहिरा, आमचा माणूस म्हणतो बोलतो, खरं काय? मी म्हणाले, थोडं ऐकू येतं, मशीन लावतो, आज घरी राहिलं. हे वाक्य मी जुळवून नेलं नव्हतं. आपोआप आलं. आपण इतकी वर्षं ही गोष्ट सांगत आलो आहोत की तिला पुढचे फाटे आपले आपण फुटतात. अब्बांनी सुरू केलं तेव्हा सोपं होतं. बहिरा म्हटलं की लोक कीव करतात आणि निघून जातात. दुसरं काही सांगितलं की लोक थांबतात, विचारतात, मुलाला नजर लागली का, आईने काय खाल्लं होतं, दुसऱ्या मुलींच्या लग्नाचं काय.

टेबलावरचा माणूस म्हणाला, मग मशीन घेऊन ये.

चाचांना सांगितलं तर ते या परिस्थितीतही हसले. म्हणाले, "शाबास पोरी. मला म्हणायचीस, चाचा, खोटं कमी बोला. तू तर माझ्याहून सराईत निघालीस." मग गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसले.

रविवारी मी कुवेत सिटीत जाऊन साधं मशीन विकत घेतलं. पेटीतून काढलं, जुनं दिसावं म्हणून थोडं घासलं. आवाजाचं चाक सगळ्यात खाली केलं. माझा हिशोब असा होता की ते कानात बोळ्यासारखं बसेल, काहीच करणार नाही. यासिर बोळे सहन करतो.

काल सकाळी त्याला माझ्यासमोर आणलं. डाव्या मनगटावर काळंनिळं कडं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, त्यावरून मला कळलं की त्याने मला ओळखलं आहे. मी म्हणाले, मशीन मी लावते. त्यांनी मला बसून राहायला सांगितलं. एक वयस्क हवालदार उठला, पिकल्या मिशांचा, चेहऱ्याने प्रेमळ. त्याने यासिरच्या खांद्यावर हात ठेवला, तोंडाने बाळा बाळा करत मशीन कानात बसवलं. मग त्याला चाक दिसलं. आवाज फारच कमी आहे असं त्याला वाटलं असावं. त्याने ते पूर्ण फिरवलं, अगदी जवळ वाकला आणि मोठ्याने विचारलं, "आता ऐकू येतंय का?"

यासिर कसा किंचाळला ते मी लिहीत नाही. त्याचा कोपर हवालदाराच्या नाकावर बसला. गणवेशावर रक्त आलं. मग कुठून कुठून माणसं आली आणि त्याला फरशीवर पालथा दाबून धरलं. एकाचा गुडघा पाठीवर होता. मी जागची हलले नाही. मी ओरडले असते तर त्या खोलीत आणखी एक आवाज वाढला असता. मी भिंतीवरच्या घड्याळाखालच्या खिळ्याकडे बघत राहिले.

आता तिसरी गोष्ट त्याच्यावर आहे. पोलिसाला मारहाण.

चाचीने तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. ठाण्यात बाहेरचं जेवण घेतलं नाही. आतलं यासिर खाणार नाही. पाणी पितो की नाही, कुणी सांगत नाही.

माहीन

&nbsp;

खैतान, गुरुवार, १३ नोव्हेंबर

आपा,

आज तुझा आवाज ऐकला. ईदनंतर पहिल्यांदा.

तुझ्या बाजूने ते कसं झालं असेल याचा मी अंदाज करू शकते. माझ्या बाजूने कसं झालं ते सांगते.

मी तपास अधिकाऱ्याकडे वेळ मागून गेले आणि सगळं खरं सांगितलं. इंग्रजीत, थोडक्यात. माझा भाऊ बहिरा नाही. तो ऑटिस्टिक आहे. त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ऐकू येतं, तोच त्याचा त्रास आहे. तो नक्कल करत नव्हता, मारत नव्हता. मशीन मी विकत आणलं.

अधिकाऱ्याने लगेच त्याचा अरबी शब्द उच्चारला, तवह्हुद. त्याला तो माहीत होता. मग तो म्हणाला, "चाचा म्हणाला बहिरा. तू म्हणालीस अर्धा बहिरा. मग मशीन आलं. आता तवह्हुद. उद्या काय आणणार आहेस?"

तो वाईट माणूस नाही. त्याच्या खुर्चीत मी असते तर मीही हेच विचारलं असतं.

कागद मागितला. कागद नाही. मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेले कागद अब्बांनी कधी जपले नाहीत, हे तुलाही माहीत आहे. घरात ते सापडू नयेत असंच त्यांना वाटायचं. सरकारी डॉक्टरांची तपासणी होईल, पण तिची तारीख लांबची आहे. तोवर यासिर कोठडीत राहील, किंवा परत पाठवायच्या माणसांना ठेवतात तिथे. तिथे एका हॉलमध्ये खूप माणसं असतात.

मग त्याने विचारलं, घरात आणखी कुणी आहे का, ज्याच्याशी तू अलीकडे बोलली नाहीस? मी तुझा नंबर दिला. आपण बोलत नाही याचा असा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. त्याने स्वतः फोन लावला, स्पीकरवर. मुस्तफा नावाचा इजिप्शियन कारकून आहे, त्याला हिंदी येतं, त्याने विचारायचं ठरलं. मला बोलायला मनाई होती.

पलीकडे मिक्सर चालू होता. तो बंद झाला. तुझ्या सासूने विचारलं, कुणाचा फोन? मुस्तफाने विचारलं, आप के भाई यासिर को क्या तकलीफ है?

मला वाटलं होतं की तू सांगशील.

मग तू म्हणालीस, "बहरा है. पैदाइशी."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि फाईल मिटली. तो रागावला नाही. त्याला कंटाळा आला, ते जास्त भीतीदायक होतं.

तुझी अडचण मला कळते. सासूसमोर यासिरबद्दल खरं बोललीस की पुढचा प्रश्न खैरूचा आहे. म्हसळ्यात ही गोष्ट एका दुपारीत घरोघरी जाईल. खैरूचे वडील म्हणून नौमानभाई काय म्हणतील ते तुला जास्त माहीत. म्हणून मी तुला भित्री म्हणणार नाही. मी मशीन घासून जुनं केलं आहे, मला तो अधिकार नाही.

पण मी गेले काही दिवस एकाच गोष्टीचा विचार करते आहे, ती तुला सांगते. यात पोलिसांनी जे जे केलं, ते बहिऱ्या माणसाशी करायचं असतं तसंच केलं. बहिऱ्याच्या जवळ जायचं, समोर उभं राहायचं, खांद्याला हात लावायचा, तोंड जवळ नेऊन मोठ्याने बोलायचं. म्हाताऱ्या हवालदाराने तर मायेने केलं. यासिरला नेमकं याच्या उलट लागतं. आपण त्यांना चुकीची सूचना गळ्यात लटकवून दिली आणि त्यांनी ती पाळली. त्या पहिल्या शिपायाने मनगट पिरगाळलं, ते त्याचं. बाकीचं आपलं आहे.

खैरूच्या कानाला उद्या कुणी मशीन लावेल. डॉक्टर नाही तर तुझी सासू कुणाच्या तरी सांगण्यावरून लावेल. चाक कुणीतरी फिरवेलच.

ज्या नंबरवरून तुला फोन आला तो मुस्तफाच्या टेबलाचा आहे. तो दुपारच्या नमाजापर्यंत असतो, आपल्याकडे तेव्हा दुपार उलटून गेलेली असते.

पहिल्या पत्रात मी घाबरलेली नाही असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. प्लांटवर आज एका डिटेक्टरचं रीडिंग मी दोनदा चुकीचं लिहिलं. यासिर आत कुणाच्या आवाजात बोलत असेल, हा विचार मी सतत बाजूला ठेवते आणि तो सतत पुढे येतो.

माहीन

&nbsp;

खैतान, मंगळवार, १८ नोव्हेंबर

आपा,

यासिर घरी आहे. झोपला आहे. बूट काढू दिले नाहीत.

सोमवारी सकाळी अधिकाऱ्याने मला बोलावलं. म्हणाला, तुझ्या बहिणीचा फोन आला होता. एकदा लावला आणि काही न बोलता ठेवला, मग पुन्हा लावला. मी विचारलं, काय म्हणाली? तो म्हणाला, भावाबद्दल थोडंच बोलली. बराच वेळ तिच्या मुलीबद्दल बोलली. मग पुढे म्हणाला, "भावाला सोडवायला माणूस खोटं बोलतो. स्वतःच्या लेकीबद्दल असं खोटं कोण बोलेल?"

मुस्तफाने दाराबाहेर मला हळूच सांगितलं की मागे एक बाई रडत होती. ती तू होतीस की तुझी सासू, मी विचारलं नाही. तू सांगशील तेव्हा ऐकेन.

पण सोडायचं ठरलं तरी यासिरला बाहेर आणता येईना. तो कोठडीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि कुणी दारात आलं की त्या पहिल्या शिपायाच्या आवाजात स्वतःलाच नाव विचारत होता. दोघांनी उचलून आणायची तयारी केली होती. अधिकाऱ्याने त्यांना थांबवलं आणि मला म्हणाला, तूच सांग, काय करायचं?

प्लांटवर काम सुरू व्हायच्या आधी आम्ही टूलबॉक्स टॉक देतो. कामगार गोल करून उभे राहतात आणि आज काय धोका आहे, कुठे हात लावायचा नाही, ते सुपरवायझर थोडक्यात सांगतो. मला दुसरं काही येत नाही, म्हणून मी तेच केलं. पाच-सहा जण व्हरांड्यात उभे होते. त्यात नाकावर पट्टी लावलेला तो म्हातारा हवालदारही होता. मी हिंदीत बोलले, मुस्तफाने अरबी केलं.

मी म्हणाले, त्याच्याशी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी मागे जायचं. वायरलेसचा आवाज बंद. कोठडीतली ती गुणगुणणारी ट्यूब बंद. दार उघडं ठेवायचं आणि दारात कुणी उभं राहायचं नाही, कारण दारात माणूस असला की त्याला ते दार वाटत नाही, भिंत वाटते. हात लावायचा नाही. लावायलाच लागला तर आधी सांगायचं, कुठे लावणार ते सांगायचं, आणि मनगट सोडून. प्रश्न छोटा. मग थांबायचं. तुम्हाला वाटेल फार झालं, त्याच्या दुप्पट थांबायचं. त्याने तुमचेच शब्द परत म्हटले तर ती चेष्टा नाही, तो त्या शब्दांना धरून उभा आहे. तो बघत नाही याचा अर्थ लपवतो आहे असा नाही. तो हो म्हणाला याचा अर्थ हो असा नाही. कुणी दरडावून विचारलं की तो कशालाही हो म्हणेल, खुनालाही.

हे शेवटचं मुस्तफाने अरबीत सांगितल्यावर अधिकाऱ्याने खाली पाहिलं.

म्हातारा हवालदार काहीतरी पुटपुटला. मुस्तफा म्हणाला, तो म्हणतोय, मी तर मदतच करत होतो. मी म्हणाले, त्यांना सांग, मला माहीत आहे. मशीन मी आणलं होतं, चुकीचं होतं. हवालदाराने नाकाच्या पट्टीला हात लावला आणि म्हणाला, बायको विचारते, कुणी मारलं. मी तिला सांगितलं दार लागलं. सगळे हसले. मलाही हसू आलं. हवालदाराने तक्रार मागे घेतली आहे.

मग एक जण बोलला, तोवर मागे उभा होता. तो शनिवारचा शिपाई होता. मी त्याला आधी ओळखलं नव्हतं. त्याने सरळ माझ्याकडे बघून विचारलं, मुस्तफाची वाट न बघता, मोडक्या इंग्रजीत. "हे सगळं ठीक. पण रस्त्यावर मला कसं कळणार? समोरचा तुझा भाऊ आहे, की माझी टिंगल करणारा कुणी, की खिशात चाकू असलेला कुणी?"

मी उत्तर शोधलं. खरंच शोधलं. काही खूण असती तर मी सांगितली असती.

मी म्हणाले, "नाही कळणार. म्हणून पहिलं मिनिट सगळ्यांशीच असं वागा."

तो म्हणाला, "आणि त्या मिनिटात चाकू निघाला तर?"

मी एवढंच म्हणाले की एक पाऊल मागे उभे राहिलात तर ते मिनिट मिळतं. त्याचं समाधान झालं नाही. माझंही झालं नाही. त्याने तक्रार मागे घेतलेली नाही, नकलेची. ती फाईल उघडी आहे. इकाम्याचं काय होणार तेही अधिकाऱ्याने सांगितलं नाही. चाचांना पुढच्या आठवड्यात कागद घेऊन बोलावलं आहे. चाचा म्हणतात, माझ्या दुकानात हा पोरगा जेवढं काम करतो तेवढं माझा सख्खा भाचा करत नव्हता, मी हेच सांगणार. ते खरंही आहे. पण पुरेल की नाही, माहीत नाही.

यासिरला बाहेर यायला खूप वेळ लागला. ट्यूब बंद केली होती, दारात कुणी नव्हतं. मी व्हरांड्याच्या टोकाला फरशीवर बसले होते आणि काही बोलत नव्हते. पोलीसही गप्प उभे होते. मधे एकाचा फोन वाजला, त्याने तो खिशातच दाबून बंद केला. यासिर भिंत धरून आला, प्रत्येक दाराशी थांबत. माझ्यापाशी येऊन माझ्या ओढणीचं टोक धरलं. पोलिसांपैकी कुणी पुढे आलं नाही.

मी तुला आभार लिहिणार नाही. ते तुझ्या-माझ्यात शोभणार नाही. तू जिथे बसून ते बोललीस, त्या घरात तुला आता राहायचं आहे, ते मला कळतं. तुला यावंसं वाटलं, खैरूला घेऊन, किंवा एकटीला, तर मी तिकीट काढते. यावंसं वाटलं नाही तर रोज लिही. नुसतं ठीक आहे एवढंच लिहिलंस तरी चालेल.

माहीन

&nbsp;

खैतान, शनिवार, २२ नोव्हेंबर

आपा,

तुझं पत्र पोचलं. दोनदा वाचलं. तुझ्या सासूने खैरूला कानासाठी बांधलेला ताईत स्वतःच्या हाताने काढला हे वाचून मी खुर्चीत मागे टेकले. नौमानभाई अजून बोलत नाहीत, ते बोलतील किंवा बोलणार नाहीत. मुंबईच्या डॉक्टरांचं नाव मी चौकशी करून कळवते. तपासणीला नेशील तेव्हा खोलीत गर्दी करू देऊ नकोस, आणि तिच्या वतीने उत्तरं देऊ नकोस.

यासिर आल्यापासून घराबाहेर पडलेला नाही. भाकरी खायला लागला आहे. मनगटावरचं कडं पिवळं पडलं आहे. त्या शिपायाचा आवाज अजून घरात आहे, बहुतेक संध्याकाळी. मी त्याला गप्प करत नाही. तो आवाज विचारतो, नाव सांग, आणि मी दुसऱ्या खोलीतून सांगते, यासिर. काल त्याने माझ्या आधी सांगितलं.

मला झोप येत नाही असं नाही, पण जिन्यात बुटांचा आवाज झाला की मी ताठ बसते. पूर्वी मला वाटायचं, कुणी आलं तर काय सांगायचं ते आपल्याकडे तयार आहे. आता तयार असं काही नाही. गळ्यातलं कार्ड मी काढून ठेवलं आहे. नवीन काय लिहावं हे ठरत नाही, कारण कुठलंही लिहिलं तरी ते वाचायला माणसाला फार जवळ यावं लागतं.

आत्ता तीन वाजत आले आहेत. आज सकाळपासून यासिर दाराशी बूट घालून उभा आहे. त्याला बकाल्यात जायचं आहे. चाचांनी फोन करून सांगितलं, पाण्याच्या बाटल्या मी रचल्या आहेत, सगळ्या वाकड्या, पोराला म्हणावं येऊन बघ आणि मला शिव्या घाल. मी त्याला तसंच सांगितलं. त्याने कडीवर हात ठेवला.

मी खिडकीतून पाहिलं. कोपऱ्यावर गस्तीची गाडी आहे. दोघे बाहेर उभे आहेत, पाठमोरे, त्यामुळे त्यातला एक तोच आहे की नाही हे इथून कळत नाही. त्यांच्यासमोरून गेल्याशिवाय बकाल्यात जाता येत नाही. थोड्या वेळाने ते निघून जातील, तोवर थांबावं, असा विचार मी केला. मग वाटलं, उद्याही असतीलच.

मी पुढे जाणार आहे आणि तो माझ्या मागे चार पावलांवर राहील, असं त्याला सांगितलं आहे. त्यांनी त्याला काही विचारायच्या आत मला त्यांच्यापर्यंत पोचायचं आहे. आधी माझ्याशी बोला, माझ्या भावाला तवह्हुद आहे, हे वाक्य मुस्तफाने मला अरबीत लिहून दिलं आहे आणि मी ते सकाळपासून म्हणते आहे, पण शेवटचा शब्द अजून नीट येत नाही. पाणी पिऊन निघते.

माहीन